बॉनेटवरचा आकडा आणि फाईलीतला अहवाल

छोटा ट्रॅक्टर घ्यायचं घरात ठरलं की पहिला प्रश्न ठरलेलाच: किती एचपीचा? शेजारच्याने अठराचा घेतला, म्हणजे आपण किमान वीसचा तरी घ्यावा. मेव्हणा म्हणतो, चोवीसचाच घे, उद्या रोटर लावायचा झाला तर कमी पडायला नको. डीलरकडून आणलेल्या गुळगुळीत कागदावर तो आकडा ठळक असतो, बाकी सगळं मुंगीच्या अक्षरात. द्राक्ष, डाळिंब, पेरूच्या बागायतदारांना आणि ट्रॅक्टरचे हप्ते ज्यांच्या घरखर्चातून जाणार त्या घरच्या मंडळींना उद्देशून हे लिहितो आहे. बॉनेटवर रंगवलेला आकडा गिऱ्हाईक खेचण्यासाठी असतो. कामाचा आकडा दुसऱ्याच कागदावर असतो, आणि तो कागद अनेकदा तुमच्याच फाईलीत न वाचता पडलेला असतो.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर अमेरिकेतल्या जुन्या गार्डन ट्रॅक्टरांच्या जाहिराती पाहाव्यात. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायच्या गाडीपेक्षा दणकट आणि शेतातल्या ट्रॅक्टरपेक्षा लहान असं यंत्र. घराभोवती एक-दोन एकर जागा असलेल्यांसाठी ते निघालं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मिनियापोलिसची बीमन कंपनी मागून चालत हाकायचा छोटा ट्रॅक्टर विकत होती, आणि तो एका घोड्याचं काम करतो असं सांगत होती. आपल्याकडे ‘बैलजोडीला पर्याय’ म्हणून मिनी ट्रॅक्टर विकतात, ती हीच युक्ती.

दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले, शहरांबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि या यंत्रांना खरी बाजारपेठ मिळाली. इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंडमध्ये सेसिल पाँड यांनी १९४६ मध्ये ‘व्हील हॉर्स’ सुरू केली. विस्कॉन्सिनमधल्या पोर्ट वॉशिंग्टन या एवढ्याशा गावात सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स अशा दोन कंपन्या नांदत होत्या. सीअर्सच्या जाडजूड कॅटलॉगमधून डेव्हिड ब्रॅडली नावाचे दोनचाकी ट्रॅक्टर घरपोच जात. मग मोठे खेळाडू उतरले. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ आणला, तोही आपला नेहमीचा लाल रंग सोडून पिवळ्या-पांढऱ्या रंगात. जॉन डिअरने १९६३ मध्ये ‘११०’ आणला.

हा ११० म्हणजे एकशेदहा अश्वशक्ती नव्हे बरं का. त्यात कोहलर कंपनीचं एका सिलिंडरचं इंजिन होतं, सुरुवातीला सात अश्वशक्तीचं, लगेच पुढे आठचं. कब कॅडेटमध्येही सातच. तेवढ्यावर माणसं नांगरट करत, बर्फ ढकलत, गवत कापत. इंजिनाची बॉडी ओतीव लोखंडाची होती, म्हणून त्यांतली कितीतरी आजही चालतात. आपल्याकडच्या ‘वीसच्या खाली घेऊच नका’वाल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

जाहिरातीत मात्र इंजिन मागे आणि मजा पुढे. कडक इस्त्रीचे कपडे घातलेला गृहस्थ, मागे पांढरं घर, समोर गालिच्यासारखी हिरवळ, चेहऱ्यावर घाम नाही आणि हातावर ग्रीसचा डाग नाही. कधी स्टिअरिंगवर एखादी बाई, म्हणजे चालवायला किती सोपं ते न बोलता कळावं. जॉन डिअरने तर आपल्या छोट्या यंत्रांना ‘वीकएंड फ्रीडम मशीन’ म्हटलं. सुट्टीच्या दिवशी जे काम करावं लागतं, तेच काम सुट्टी म्हणून विकलं! याच कंपनीने १९६९ मध्ये आपला पिढीजात हिरवा रंग बाजूला ठेवून पांढऱ्या अंगाचे ट्रॅक्टर काढले. बॉनेट आणि सीट लाल, नारिंगी, पिवळी की निळी, ते गिऱ्हाइकाने निवडायचं. घराच्या रंगाला शोभेल असा ट्रॅक्टर! मला हा बेत मनापासून आवडतो, पण गिऱ्हाइकाला आवडला नाही. त्याला हिरवाच हवा होता. दोन-तीन वर्षांत तो प्रकार गुंडाळला गेला आणि आज तेच रंगीत ट्रॅक्टर जुन्या यंत्रांचे शौकीन शोधत हिंडतात.

रंगाने फार तर डोळ्यांची फसगत होते. खिसा कापला जातो तो आकड्याने. इंजिनाची ताकद मोजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत इंजिन एकटं बाकावर बसवतात, सायलेन्सर आणि एअर फिल्टर काढून ठेवतात, पूर्ण वेगाने पळवतात आणि जे येईल ते लिहितात. दुसरीत यंत्र जसं तुमच्या हातात येणार तसंच ठेवून, जिथे अवजार जोडायचं तिथे ताकद मोजतात. पहिला आकडा नेहमीच मोठा येतो आणि कागदावर तोच जातो. अमेरिकेत गवत कापायच्या यंत्रांवरच्या एचपीबद्दल अखेर ग्राहक कोर्टात गेले. छापलेली ताकद प्रत्यक्षात मिळत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. बड्या विक्रेत्यांपासून इंजिन बनवणाऱ्यांपर्यंत अनेक नामांकित कंपन्या त्यात प्रतिवादी होत्या. त्यांनी चूक कबूल केली नाही, पण २०१० मध्ये साडेसहा कोटी डॉलरची तडजोड मंजूर झाली. ज्याने बसून चालवायचं यंत्र घेतलं होतं त्याच्या पदरात जास्तीत जास्त ७५ डॉलर. उशिरा मिळणारा न्याय बहुधा एवढाच असतो, म्हणून चौकशी आधी करावी.

आणि हे दुखणं त्या देशाला नवीन नव्हतं. औषधही त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच शोधलं होतं. नेब्रास्का राज्यातल्या विल्मट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्डचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस सोबत घेऊन ते नाव वापरलं होतं. हेन्री फोर्डने स्वतःच्या ट्रॅक्टरचं नाव ‘फोर्डसन’ ठेवलं, त्यामागे हेही एक कारण होतं. क्रोझियरचा ट्रॅक्टर धड चालेना. गडी पेटला, निवडून येऊन विधिमंडळात गेला आणि १९१९ मध्ये कायदा झाला: लिंकन शहरातल्या विद्यापीठात चाचणी झाल्याखेरीज राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही, आणि सुटे भाग राज्यात मिळण्याची सोय कंपनीने करायची. १९२० मध्ये पहिली चाचणी पुरी झाली ती ‘वॉटर्लू बॉय’ या ट्रॅक्टरची. त्याच्या नावापुढे १२-२५ असं लिहिलेलं असे. ओढायची ताकद बारा, पट्ट्यावर मशीन फिरवायची पंचवीस. दोन्ही आकडे शेजारी शेजारी, लपवाछपवी नाही. हा सरळपणा मागाहून घरामागच्या छोट्या ट्रॅक्टरांच्या जाहिरातींतून गळाला, कारण त्यांच्या वाट्याला असली चाचणी सहसा येत नसे.

आता आपल्याकडे या. मध्य प्रदेशात बुदनी इथे १९५५ पासून केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. ट्रॅक्टर तिथे तपासला जातो आणि त्याचा सविस्तर अहवाल निघतो. महाडीबीटीवर अनुदानासाठी अर्ज करताना कोटेशनसोबत मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल जोडावा लागतो, तो हाच. डीलर झेरॉक्स देतो, आपण ती सीएससी सेंटरवाल्याला देतो, तो स्कॅन करून चढवतो. तिघांपैकी एकही जण तो वाचत नाही. लाखांच्या खरेदीतला एकमेव निःपक्षपाती कागद, आणि आपण त्याला फक्त अपलोड करायची फाईल समजतो.

तो इंग्रजीत असतो आणि पानं पुष्कळ असतात, हे खरं. पण घरातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी अर्ध्या तासात कामाचं काढून देईल. आधी पीटीओवरची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवरची, कमाल ताकद बघायला सांगा. ती किलोवॉटमध्ये दिली असेल तर १.३६ ने गुणा, एचपी निघेल. बारा किलोवॉट म्हणजे सोळाच्या आसपास. कागदावरच्या इंजिनाच्या एचपीपेक्षा हा आकडा साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी कमी भरतो आणि त्यात फसवणूक काही नाही, गिअरमधून येताना ताकद थोडी खर्च होतेच. तुमचा फवारणीचा ब्लोअर आणि रोटर मात्र याच आकड्यावर चालणार आहे. मग उन्हाळ्यासारख्या तापलेल्या हवेत घेतलेली चाचणी बघा. तिथे ताकद किती घसरते ते कळलं की विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात काय होईल त्याचा अंदाज येतो. डिझेलचा खप ग्रॅममध्ये दिलेला असतो. दोन मॉडेलांत ज्याचा आकडा कमी, ते तेवढ्याच कामाला डिझेल कमी पिणार. लिफ्ट किती उचलते, चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज किती येतो, स्टिअरिंगवर हादरे किती बसतात, तेही त्यात असतं. आणि शेवटी निरीक्षणं आणि शिफारशी असतात. अमुक ठिकाणी गळती आढळली, तमुक भाग सुधारावा, असं सरळ लिहिलेलं असतं. इतर काही वाचायला जमलं नाही तरी ती दोन पानं वाचाच.

एक गोष्ट अहवालात नसते, ती म्हणजे तुमची बाग. द्राक्षाच्या ओळींत नऊ फूट अंतर असेल आणि वर्षभर मुख्य काम फवारणीचं असेल, तर तुमच्या ब्लोअरला पीटीओवर किती एचपी लागते ते ब्लोअरवाल्याला विचारा आणि त्यावर थोडी गुंजाइश ठेवा. बस्स. फुकटचा जास्तीचा एचपी फुकट येत नाही, तो वजन घेऊन येतो. छाटणीनंतर एका मागोमाग फवारण्या सुरू झाल्या की तीच दोन चाकं त्याच दोन पट्ट्यांवरून सारखी जातात, जमीन दगडासारखी दाबली जाते आणि पांढरी मुळी तिथेच अडते. मेव्हण्याच्या चोवीस एचपीचं भाडं वेल भरतो. मोशीच्या किसान प्रदर्शनात मोकळ्या मैदानावर ट्रॅक्टर फिरवून हुरळू नका. डीलरला सांगा, डेमो माझ्या बागेत, माझा ब्लोअर जोडून, टाकी पूर्ण भरून आणि ओळीच्या टोकाला वळवून दाखव.

क्रोझियरच्या कायद्यातलं सुट्या भागांचं कलमही आपण स्वतःपुरतं लागू करावं. फिल्टर, क्लच प्लेट, पीटीओचं सील तालुक्याच्या गावी मिळतं का, हे डीलरला न विचारता तेच मॉडेल तीन-चार वर्षं वापरणाऱ्याला विचारा. फवारणीच्या ऐन दिवसांत आठवडाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर किती महाग पडतो ते डाऊनी येऊन गेलेल्या बागेच्या मालकाला माहीत असतं.

अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या मंडळींनाही दोन शब्द. न्यू जर्सी-मिशिगनकडे जुने गार्डन ट्रॅक्टर बऱ्या किमतीत मिळतात आणि मजबूतही असतात. घेतलात तर जुन्या जाहिरातीवर न जाता त्या मॉडेलचं मूळ ऑपरेटर्स मॅन्युअल मिळवा. पण यातल्या बहुतेक यंत्रांना सीटवरून माणूस उतरल्यावर इंजिन बंद करणारा स्विच नसतो. पातं फिरतच राहतं. लेकराला मांडीवर घेऊन हिरवळीवर फेरी मारायचा मोह आवरा. आणि इथल्यांनीही पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण तुटलं की तसंच चालवू नये. साडीचा पदर, ओढणी, गमछा काहीही गुंडाळलं जायला क्षणही लागत नाही. कोणत्याही ट्रॅक्टरच्या जाहिरातीत ते आवरण तुटलेलं दिसत नाही, बांधावर मात्र निम्म्या वेळा दिसतं.

तेव्हा या हंगामात ट्रॅक्टर घेणार असाल तर बुकिंगचे पैसे देण्याआधी चाचणी अहवालाची पूर्ण प्रत मागा, नुसतं पहिलं पान नको. अहवालावर लिहिलेलं मॉडेल आणि तुम्हाला दाखवलेलं मॉडेल अक्षरशः एकच आहे ना, ते ताडून पाहा. प्रत द्यायला टाळाटाळ करणारा डीलर असेल, तर त्याच रस्त्यावर दुसरा डीलर असतो, त्याच्याकडे जा.