अँटीबॉडी शून्य, मग लस वाया गेली का?

लशीचे दोन्ही डोस झाले, कोविनचं सर्टिफिकेट मोबाइलमध्ये आलं, आणि महिन्याभराने केलेल्या तपासणीत अँटीबॉडी जवळपास शून्य. २०२१च्या उत्तरार्धात मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्या बऱ्याच जणांच्या हातात असा रिपोर्ट पडला. आमच्या नात्यातही पडला. २०२५च्या मे-जूनमध्ये कोविडचे आकडे पुन्हा बातम्यांत आले, तेव्हा फॅमिली ग्रुपवर तोच प्रश्न नव्याने आला: "हिला लशीचा उपयोगच होत नाही ना?" म्हणून या वेळचा लेख त्या रिपोर्टवर.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरीवरचं प्लास्टिक निघावं तसं. मग कधी एका डोळ्याला धूसर दिसतं, कधी पायात मुंग्या येतात, कधी चालताना तोल जातो. साधारण वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि बायकांमध्ये जास्त आढळतो. याच्या औषधांचं काम एकच, भरकटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणं. इथेच लशीशी गाठ पडते, कारण लस त्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावायला बघते.

पण सगळी औषधं सारखी नाहीत, आणि घराघरांतल्या चर्चेत नेमकं हेच सुटतं. इंटरफेरॉन, ग्लॅटिरामर, डायमिथाइल फ्युमरेट ही जुनी-नवी औषधं घेणाऱ्यांना लशीचा प्रतिसाद बहुतेक इतरांसारखाच मिळतो. अडचण मुख्यतः दोन गटांची. पहिला गट रिटुक्सिमॅब आणि ऑक्रेलिझुमॅबचा, जी साधारण सहा महिन्यांनी सलाइनमधून देतात. दुसरा फिंगोलिमॉडच्या रोजच्या गोळीचा.

इस्राएलच्या शेबा मेडिकल सेंटरने २०२१मध्ये फायझरच्या लशीचे दोन डोस घेतलेल्या एमएस रुग्णांच्या अँटीबॉडी मोजल्या. ऑक्रेलिझुमॅब घेणाऱ्यांपैकी २२.७ टक्के लोकांमध्ये पुरेशा अँटीबॉडी सापडल्या, फिंगोलिमॉड घेणाऱ्यांपैकी फक्त ३.८ टक्क्यांमध्ये. ज्यांना कुठलंच औषध चालू नव्हतं त्या सगळ्यांमध्ये सापडल्या. गट लहान होते, पण पुढे इतर देशांतही चित्र साधारण असंच दिसलं. हे आकडे व्हॉट्सअॅपवर फिरले आणि अनेकांनी निष्कर्ष काढून टाकला की लस फुकट गेली.

आपल्याकडे रिटुक्सिमॅब एमएससाठी बरंच वापरलं जातं. मूळचं ते रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरवरचं औषध. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७मध्ये त्याचं भारतीय रूप बाजारात आणलं आणि ते त्यातल्या त्यात परवडू लागलं. वडोदऱ्याला राहणारी माझी मावसबहीण याच औषधावर आहे. दुसरा डोस झाल्यावर महिन्याने तिने हौसेने तपासणी केली आणि तिच्या रिपोर्टवर "नॉन-रिअॅक्टिव्ह" आलं. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सगळे जमले. मावशी म्हणाली, "ताईचं ते सहा महिन्यांचं इंजेक्शनच बंद करा, म्हणजे लस लागेल." काका म्हणाले, "मग लस घेतलीच कशाला?" ताई गप्प बसून ऐकत होती. आठ वर्षांपूर्वी आलेल्या एका अटॅकमध्ये तिचा उजवा पाय तीन आठवडे ओढला जात होता. इंजेक्शन बंद करणं म्हणजे काय, हे त्या कॉलवर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

रिटुक्सिमॅब शरीरातल्या बी-पेशी काढून टाकतं, ज्यांच्यावर सीडी-२० नावाची खूण असते त्या. नव्या अँटीबॉडी बनवायच्या तर याच पेशी लागतात. त्यामुळे इंजेक्शन नुकतंच झालेलं असताना लस घेतली, तर अँटीबॉडी बनवणारा कारखानाच बंद असतो. पण प्रतिकारशक्तीची दुसरी फळी आहे टी-पेशींची. विषाणूची लागण झालेली पेशी शोधून तिला संपवणं हे त्यांचं काम, आणि रिटुक्सिमॅब त्यांना फारसा हात लावत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये या गटाची औषधं घेणारे २० एमएस रुग्ण तपासले. अँटीबॉडी कमी किंवा उशिरा आल्या, पण टी-पेशी चांगल्या तयार झाल्या होत्या. काही टी-पेशींचा प्रतिसाद तर अँटीबॉडी न बनलेल्यांमध्ये जास्त जोरदार होता.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर लॅबने एकाच मॉड्यूलची टेस्ट चालवली होती. ती फेल झाली म्हणून अख्खी सिस्टिम बंद आहे असं कुणी म्हणत नाही. टी-पेशींची तपासणी गल्लीतल्या लॅबमध्ये होत नाही, त्यामुळे रिपोर्टवर तिचा उल्लेखच नसतो. लस लागली की नाही हे ठरवायला अँटीबॉडीची चाचणी वापरू नका, असं अमेरिकेच्या एफडीएने मे २०२१मध्येच सांगितलं होतं. लॅबवाले ती तेव्हाही करत होते, आजही करतात.

फरक कुठे पडतो? अँटीबॉडी विषाणूला दारातच अडवतात. त्या कमी असतील तर लागण व्हायची शक्यता जास्त राहते. टी-पेशी लागण रोखत नाहीत, पण आजार फुप्फुसांपर्यंत बळावू नये यासाठी त्या फार मोलाच्या. लशीनंतर या औषधांवरच्या लोकांना कोविड होत राहिला, पण बहुतेकांचा सौम्य राहिला, असा अनेक देशांतला अनुभव आहे. म्हणून निर्धास्त राहावं असं मात्र नाही. इटलीतल्या नोंदींमध्ये लस यायच्या आधीपासून या गटाच्या औषधांवर गंभीर कोविडचा धोका जास्त दिसला होता, आणि लशीने तो कमी झाला तरी इतरांच्या बरोबरीला आला नाही. फ्रान्समधल्या ३४७ रुग्णांच्या नोंदींत वय, लठ्ठपणा आणि आधीचं अपंगत्व यांनीही धोका वाढलेला दिसला. सत्तरीतले, व्हीलचेअरवर असलेले काका आणि तिशीतली चालती-फिरती ताई यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

फिंगोलिमॉडची गोष्ट निराळी. ते लिम्फोसाइट पेशींना लसिका ग्रंथींमध्येच अडकवून ठेवतं, त्यामुळे अँटीबॉडी आणि रक्तातल्या टी-पेशी दोन्ही कमी पडतात. मग लशीपुरती गोळी थांबवू का, हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर स्पष्ट आहे: स्वतःच्या मनाने अजिबात नाही. ही गोळी अचानक थांबवल्यावर एमएस आधीपेक्षा जोराने उसळू शकतो. तसा इशारा एफडीएने २०१८मध्ये दिला आहे.

रिटुक्सिमॅबवाल्यांच्या हातात मात्र एक गोष्ट आहे, वेळ. इंजेक्शननंतर जितके महिने जातात तितक्या बी-पेशी परत येऊ लागतात. म्हणून शक्य असेल तर इंजेक्शननंतर निदान १२ आठवड्यांनी लस आणि त्यानंतर काही आठवड्यांनी पुढचं इंजेक्शन, असा क्रम बरेच न्यूरोलॉजिस्ट लावतात. ताईच्या डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं नाही. पुढच्या डोसची तारीख तेवढी तिसऱ्या लशीशी जुळवून घेतली. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना २०२१च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जादा डोस मंजूर झाला होता. आपल्याकडे जानेवारी २०२२मध्ये प्रिकॉशन डोस सुरू झाला तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि साठीपुढच्या आजारी लोकांसाठी. चौतिशीतल्या ताईला १० एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. मधे ओमिक्रॉन येऊन गेला. तिला चार दिवस ताप आला आणि घरीच बरी झाली. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, पण मावशीला तेव्हापासून शांत झोप लागते.

आता दुसऱ्या टोकाची भीती: लशीनेच एमएसचा अटॅक येतो. ही भीती कोविडपेक्षा जुनी आहे. फ्रान्समध्ये हेपेटायटिस-बीच्या लशीने एमएस होतो अशी चर्चा इतकी वाढली की सरकारने १९९८मध्ये शाळांमधलं लसीकरण थांबवलं. २००१मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये दोन अभ्यास आले. लस आणि एमएस होणं यांचा संबंध एकात सापडला नाही, लस आणि अटॅक येणं यांचा दुसऱ्यात. कोविड लशींनंतरच्या मोठ्या नोंदींतही अटॅकचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. मग लशीनंतर दोन दिवस पाय जड का होतात? तापामुळे. अंग तापलं की एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे १८९०मध्येच नोंदवलंय. मे महिन्यात दुपारी बाहेर पडणाऱ्या प्रत्येक एमएस रुग्णाला ते ठाऊक असतं. ताप उतरला की लक्षणंही ओसरतात. ताप नसताना नवंच लक्षण आलं आणि ते २४ तासांपेक्षा जास्त टिकलं, तर डॉक्टरांना फोन करायचा.

कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन, दोन्हींमध्ये शरीरात वाढू शकेल असा जिवंत विषाणू नाही, त्यामुळे या औषधांवरही त्या चालतात. फ्लूची नेहमीची टोचायची लसही निष्क्रिय विषाणूची असते. जिवंत विषाणूच्या लशी, उदाहरणार्थ गोवर किंवा कांजिण्यांची, यांच्याबद्दल मात्र आधी विचारायलाच हवं.

घरात कुणाला नव्याने एमएसचं निदान झालं असेल, तर लशींची यादी औषध सुरू व्हायच्या आधी काढा. रिटुक्सिमॅब नव्या अँटीबॉडी बनणं रोखतं, पण ज्या पेशी आधीपासून अँटीबॉडी बनवत बसल्यात त्यांच्यावर सीडी-२०ची खूण नसते, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात. औषधाआधी घेतलेली लस त्यामुळे जास्त उपयोगी पडते. आणि औषध चालू असताना ताप आलाच, तर "बघू दोन दिवस" नको. पहिल्याच दिवशी टेस्ट करून न्यूरोलॉजिस्टना कळवा. विषाणूविरोधी औषधं पहिल्या काही दिवसांतच कामाची असतात, आणि ती इतर गोळ्यांशी भांडतात का हेही त्यांनाच पाहावं लागतं. घरातल्या बाकीच्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी. आमच्याकडे त्या बाबतीत अजून फक्त मावशीच नियमित आहे.