एका सेकंदाच्या शेकासाठी चालू शेक सोडू नका

गेल्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एका ताईंनी मोबाईल पुढे केला. व्हिडिओतला माणूस सांगत होता, आता कॅन्सरचा शेक एका सेकंदात होतो, कातडी जळत नाही, तोंड येत नाही. ताईंच्या मालकांना तोंडाचा कॅन्सर आहे. ३३ पैकी १६ शेक झालेत. तोंड आतून सोलून निघालंय, पाणीसुद्धा गिळवत नाही. ताई विचारत होत्या, ‘‘हे बंद करून त्या नव्या मशीनची वाट बघितली तर?’’

नाही ताई, वाट बघू नका.

व्हिडिओ अगदीच खोटा नव्हता. या उपचाराला ‘फ्लॅश’ म्हणतात. किरणांची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. आपल्याकडे रोज साधारण २ ग्रे, काही मिनिटांत देतात. फ्लॅशमध्ये सेकंदाला ४० ग्रे किंवा त्याहून जास्त वेग असतो, म्हणजे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालेलं. पॅरिसच्या क्युरी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली उंदरांवर दाखवलं की एवढ्या वेगाने दिलं तर गाठ तेवढीच मरते, पण आजूबाजूचं निरोगी फुफ्फुस बरंच वाचतं. असं का होतं, यावर अजून शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

माणसावर पहिला प्रयोग २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात झाला. ७५ वर्षांच्या एका रुग्णाच्या कातडीवरच्या गाठीला ९० मिलिसेकंदांत १५ ग्रे दिले. गाठ गेली, कातडीला त्रास कमी झाला. पण पुढे त्याच रुग्णाच्या दोन गाठींना, एकीला फ्लॅश आणि दुसरीला नेहमीचा शेक, असं देऊन पाहिलं तेव्हा फारसा फरक दिसला नाही. अमेरिकेत सिनसिनाटीला हातापायांच्या हाडात कॅन्सर पसरलेल्या १० जणांना फ्लॅश दिला, तो मुख्यतः दुखणं कमी करण्यासाठी. आणि तोंडाच्या रोग्याने नीट ऐकावं अशी गोष्ट म्हणजे, नाकाचा कॅन्सर झालेल्या ७ मांजरींना एकाच वेळी फ्लॅशचा मोठा डोस दिला, त्यातल्या तिघींच्या जबड्याचं हाड काही महिन्यांनी कुजलं. तो प्रयोग थांबवावा लागला. व्हिडिओवाल्याने हे सांगितलं नाही. त्याने एक दिवस शेकाच्या रांगेत बसून बघावं.

खरं तर ३३ दिवसांचा हेलपाटा हासुद्धा निरोगी भाग वाचवण्यासाठीच आहे. रोज थोडा शेक दिला की चांगल्या पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत सावरतात, कॅन्सरच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. मध्येच खंड पडला तर मात्र त्यांनाही वाढायला सवड मिळते.

फ्लॅश यावा, सरकारी दवाखान्यातही यावा, असंच मला वाटतं. पण साध्या शेकाच्या मशीनसाठीच आपल्या माणसांना रांग लावावी लागते, मला त्याचा राग जास्त येतो.

ताईंना तिथेच सांगितलं, तोंड आलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दुखणं कमी करायचं औषध मिळतं. गिळवत नसेल तर नाकातून नळी घालून पातळ अन्न देतात, त्याला घाबरू नका. खर्च अडत असेल तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेबद्दल विचारा.

सोमवारी १७ वा शेक आहे. रोज सोबत जाऊन ताईंची मजुरी बुडते, म्हणून या आठवड्यात गल्लीतली दोन पोरं आळीपाळीने जाणार आहेत.