तराजू कोणाच्या हाती?

व्यापार मोबाईलच्या पडद्यावर आला आहे, हे आता मुद्दाम सांगण्याची गरज उरलेली नाही. स्वस्त इंटरनेट आणि यूपीआय ही दोन्ही २०१६ साली आली आणि तेव्हापासून तालुक्याच्या गावचा खानावळवालाही गिऱ्हाइकाशी फोनवरून व्यवहार करू लागला. धंद्याला स्वतःचे ॲप हवे, निदान दुसऱ्याच्या ॲपवर आपले दुकान हवे, असा उपदेश लहान व्यापाऱ्याला चहूबाजूंनी केला जातो. या उपदेशात तंत्रज्ञानाची माहिती पुष्कळ असते. परंतु ज्या बाजारात त्याला बोलावले जात आहे तो बाजार कोणाचा आणि तेथील तराजू कोणाच्या हाती, हा अर्थशास्त्रातला मूळ प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

लहान व्यापाऱ्यापुढे मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग स्वतःचे ॲप करून घेण्याचा. ते बनविण्याचा खर्च पूर्वीपेक्षा पुष्कळ उतरला आहे. परंतु बनविलेले ॲप गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंत पोहोचवायचे, तर व्यवहारात गूगल आणि ॲपल या दोन कंपन्यांच्या दुकानांतूनच जावे लागते. ॲपमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तू व सेवांवर या कंपन्या वर्षानुवर्षे १५ ते ३० टक्के अडत घेत आल्या. १ मार्च २०२४ रोजी याच अडतीच्या वादातून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स आपल्या दुकानातून काढून टाकली. त्यांत विवाह जुळविणाऱ्या आणि नोकऱ्या मिळवून देणाऱ्या नामांकित कंपन्या होत्या. केंद्र सरकारने मध्यस्थी केली तेव्हा काही दिवसांत ती परत आली. या बड्या कंपन्यांसाठी मंत्री धावून आले. साताऱ्याच्या किंवा लातूरच्या दुकानदारावर असा प्रसंग ओढवला तर त्याच्यासाठी कोण धावणार?

दुसरा मार्ग दुसऱ्याच्या ॲपवर जागा घेण्याचा. घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या कंपन्यांच्या ॲपवर हजारो उपाहारगृहे आज याच मार्गाने धंदा करतात. झोमॅटो आणि स्विगी यांच्या अडतीविरुद्ध आणि वागणुकीविरुद्ध उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. तक्रारीतला एक मुद्दा फार मोलाचा आहे. गिऱ्हाईक उपाहारगृहाचे अन्न खाते, परंतु त्याचा पत्ता, त्याची आवड, त्याच्या मागणीचा इतिहास ही सारी वही ॲपच्या मालकाकडे राहते. जुन्या दुकानदाराची खरी पत त्याच्या खतावणीत असे. नव्या व्यवस्थेत चूल त्याची, घाम त्याचा आणि खतावणी मात्र परक्याची. उद्या त्याने हे ॲप सोडले, तर गिऱ्हाईक त्याच्याबरोबर येत नाही. कुळाला जमीन सोडताना मागे वळून पाहण्याखेरीज काही उरत नसे, त्यातलाच हा प्रकार आहे.

महाराष्ट्राला हे दुखणे नवे नाही. वऱ्हाडातला शेतकरी कापसाच्या गाड्या घेऊन बाजारात येई, तेव्हा अडत्या एकाच वेळी विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हस्तक असे. सौदा रुमालाखाली बोटे दाबून होई. ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. वजनात मारले जाई आणि निरनिराळ्या नावांनी कपात होई. या अनागोंदीला आळा घालण्यासाठी १८८६ साली कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. पुढे १९२७ व १९३९ साली मुंबई प्रांतात आणि १९६३ साली महाराष्ट्र राज्यात कायदे होत गेले. उघडा लिलाव, प्रमाणित वजन, ठरलेली अडत आणि बाजाराच्या कारभारात उत्पादकाचे प्रतिनिधी ही तत्त्वे या वाटेने रूढ झाली.

आजच्या ॲपच्या बाजारात यातले काय आहे? कोणाचे दुकान वर दिसावे आणि कोणाचे तळाशी जावे, हे ज्या गणिती सूत्राने ठरते ते सूत्र म्हणजे नवा रुमालच होय. अडतीचा दर एकतर्फी बदलतो. मालक दुकानदाराकडून अडत घेतो आणि गिऱ्हाइकाकडूनही वेगळे शुल्क घेतो. म्हणजे तो पुन्हा दोन्ही बाजूंचा हस्तक झाला. आणि पुष्कळदा बाजाराचा मालक स्वतःच, किंवा आपल्या मर्जीतल्या विक्रेत्यामार्फत, त्याच बाजारात व्यापारीही असतो.

यावर स्पर्धा आयोग आहे, असे सांगितले जाईल. आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला दोन प्रकरणांत अनुक्रमे सुमारे १,३३८ कोटी आणि ९३६ कोटी रुपयांचा दंड केला, हे खरे. परंतु पहिल्या प्रकरणाची चौकशी २०१९ साली सुरू झाली होती, आणि दुसऱ्यातला दंड अपिलात २०२५ साली सुमारे २१७ कोटींवर आला. इतकी वर्षे थांबण्याची ताकद लहान दुकानदारात नसते. युरोपने नियम आधी घालून देणारा कायदा केला; त्याची बंधने मार्च २०२४ पासून बड्या कंपन्यांना लागू झाली. त्याच महिन्यात आपल्याकडेही समितीने अशा कायद्याचा मसुदा मांडला, तो मसुद्यापुढे गेलेला नाही.

सार्वजनिक पाया घातला की प्रश्न सुटतो, अशीही एक समजूत आहे. यूपीआयचा पाया सार्वजनिक स्वरूपाचा आहे, तरी त्यावरील बहुसंख्य व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन ॲप्सच्या हाती गेले. कोणत्याही एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये हा २०२० चा नियम वारंवार पुढे ढकलला गेला. ओएनडीसी या खुल्या व्यापारजाळ्याचे भवितव्यही याच धड्यावर अवलंबून राहील. बंगळूरच्या रिक्षाचालकांनी मात्र 'नम्म यात्री' या ॲपद्वारे दाखवून दिले आहे की, प्रत्येक फेरीमागे अडत न देता माफक ठराविक शुल्कावरही असा बाजार चालू शकतो.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. अडतीचा दर आणि दुकानांच्या क्रमवारीचे निकष जाहीर असावेत. बाजाराच्या मालकाने त्या बाजारात व्यापार करू नये. गिऱ्हाइकाच्या संमतीने दुकानदाराला आपली खतावणी बरोबर नेता यावी. तक्रारीचा निवाडा वर्षांत न होता आठवड्यांत व्हावा, आणि निवाडा करणाऱ्या मंडळावर दुकानदारांचे व माल पोहोचविणाऱ्या श्रमिकांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत.

बाजार समित्याही पुढे अनेक ठिकाणी व्यापाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या खिशात गेल्या, हे विसरून चालणार नाही. कायदा एकदा करून भागत नाही. ज्यांच्यासाठी तो झाला त्यांची संघटना जागी असावी लागते. विखुरलेल्या दुकानदारांनी आधी एकत्र यावे आणि मगच ॲपवाल्याशी बोलणी करावीत. वऱ्हाडातला रुमाल आपोआप दूर झाला नव्हता. पडद्याआडचा हा रुमालही आपोआप दूर होणार नाही.