बाकी शून्य, म्हणून मूळ

२चा १२७वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. उत्तर ३९ अंकी येतं: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही मूळ संख्या आहे, हे फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८७६ साली हाताने आकडेमोड करून सिद्ध केलं. पुढे १९५१पर्यंत, तब्बल ७५ वर्षं, हिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती.

एकेका संख्येने भागून पाहायचं म्हटलं असतं तर सात जन्म पुरले नसते. ल्युकांनी वाटच वेगळी काढली. १९३० साली डेरिक लेहमर यांनी सोपी करून दिलेली ती रीत ३१वर, म्हणजे २च्या पाचव्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्येवर, करून पाहू. सुरुवात ४पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ने भागून बाकी तेवढी ठेवा. ४चे झाले १४. १४चे १९४, बाकी ८. ८चे ६२, बाकी शून्य. घात पाच, म्हणून दोन कमी, तीन पायऱ्या. तिसरीला शून्य आलं, तर संख्या मूळ. एरवी बाकी शून्य आली की भाग गेला म्हणून आपण ती संख्या मूळच्या यादीतून खोडतो. इथे तेच शून्य तिच्या बाजूने साक्ष देतं.

शून्य आलं नाही, तरी निकाल तितकाच पक्का. २चा ६७वा घात वजा १ ही संख्या मारँ मेर्सेन यांनी १६४४ साली मूळ म्हणून नोंदवली होती. ती मूळ नाही, हे ल्युकांनी तिचा एकही अवयव हाती नसताना दाखवलं. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले, तेव्हा १९०३ साल उजाडलं होतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची मूळ संख्या जाहीर झाली. बातम्यांनी तिची लांबी मोजली. ती मूळ असल्याचं शिक्कामोर्तब मात्र याच वर्ग करून दोन वजा करण्याच्या रीतीने झालं, हे फारसं कुणी सांगितलं नाही. मला ते सांगणं महत्त्वाचं वाटतं.

आपण शाळेत मूळ संख्येची व्याख्या पाठ करून घेतो, शंभरपर्यंतच्या संख्या चाळणीतून गाळतो आणि धडा संपवतो. ही रीत का चालते, हे कळायला पुढचं गणित लागतं. ती करून पाहायला गुणाकार-भागाकार पुरतो. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, एक तास १२७ला द्या. ती २च्या सातव्या घातातून आलेली, म्हणून पायऱ्या पाच. मुलांच्या वहीत ४, १४, ६७, ४२, १११ असे आकडे उतरतील. पुढचा वर्ग १२३२१, दोन गेले १२३१९. त्याला १२७ने भाग त्यांनाच घालू द्या.