सुईतली ताकद उधारीची

सोयगावपासून मुंबईपर्यंत जिममध्ये घाम गाळणारी आपली मुले पाहून आनंदच होतो. चिंता आहे ती त्यांच्या बॅगेतल्या बाटलीची.

मेफेनटर्मिन हे इंजेक्शन भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब कोसळला, तर तो सावरण्यासाठी असते. तेच थकवा जाणवू नये म्हणून जिममध्ये टोचले जाते. त्याने स्नायू वाढत नाहीत. वाढतात ती छातीची धडधड, रक्तदाब आणि व्यसन. राज्यात पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने असे साठे पकडले, तरी विक्री थांबलेली नाही.

दुसरा प्रकार तेलातल्या स्टेरॉइडचा. टोचलेली जागा सुजली, ठणकली की ‘औषध लागू पडतंय’ असे सांगतात. बाटली निर्जंतुक नसेल तर तिथे गळू होते, चिरा द्यावा लागतो. एकच सुई चौघांत फिरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीला वाट मिळते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे कमी करते, शुक्राणू घटतात. मर्दानगीच्या नावावर विकलेली वस्तू बापपण हिरावू शकते!

दारूला हात न लावणारा तरुण ही सुई बिनदिक्कत टोचून घेतो, कारण तिच्याबद्दल कुणी बोललेच नाही. शरीर अल्लाहची अमानत आहे. ते विकायला बसलेला ट्रेनर आणि चिठ्ठीविना औषध देणारा दुकानदार ‘आपला माणूस’ म्हणून सोडू नका. जुम्आच्या खुतब्यात हा विषय घ्या, प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. मुलगा दवाखान्यात पडल्यावर नव्हे, आज.