घर जळतंय, साहेब भोपळा घेताहेत
या आठवड्यात छायाचित्रकार जोएल स्टर्नफेल्डचा एक गाजलेला फोटो पुन्हा पाहिला. स्थळ मॅकलीन, व्हर्जिनिया. काळ डिसेंबर १९७८. मागे घराच्या छपरातून ज्वाळा निघताहेत, पुढे शेतमालाच्या दुकानापाशी फुटके भोपळे विखुरलेत आणि पिवळ्या कोटातला अग्निशामक हातात भोपळा घेऊन निवांत उभा. ज्वाळा नि भोपळे, दोन्ही नारिंगी! बघणाऱ्याचं डोकं भडकणारच. पण मंडळी, ते रिकामं घर जवानांच्या सरावासाठी मुद्दाम पेटवलेलं होतं. अमेरिकेत पाडायला काढलेली घरं अग्निशमन दलाला अशी वापरू देतात. वीज-गॅस तोडून, पेंढा नि लाकडी पॅलेट रचून आग लावतात. स्टर्नफेल्डने फोटोखाली गाव आणि महिना तेवढा लिहिला, सरावाबद्दल चकार शब्द काढला नाही. काहींना ही लबाडी वाटते. मी म्हणतो, उत्तम केलं! तिवईवरच्या त्याच्या अवजड कॅमेऱ्याने जे समोर होतं तेच टिपलं. कामचुकारपणाचा आरोप आपण पदरचा घातला. अर्धवट पाहून पूर्ण निकाल देण्याची आपली खोड उघडी पाडायला याहून स्वस्त साधन नाही. सरावाचा खुलासा करणारी चार ओळींची पाटी खाली लावली असती, तर हा फोटो कधीच विसरला गेला असता.