शिवोलीतली कासेट आणि आमचं भजन

रेमो फर्नांडिसचं नाव काढलं की आमच्याकडचे लोक लगेच 'हम्मा हम्मा' म्हणतात. १९९५ च्या 'बॉम्बे' मधलं ते गाणं गाजलं हे खरंच. पण ते रहमानचं. रेमो हा रेमो झाला तो त्याआधी अकरा वर्षं, शिवोलीच्या घरात, 'गोअन क्रेझी' ही कासेट करताना. शिवोली म्हणजे कुठे, तर पेडण्याच्या चोपड्याहून शापोरा नदी ओलांडली की पलीकडे. पूल झाला नव्हता तेव्हा फेरीबोटीने जायचो, तेवढंच अंतर. तरी त्या कासेटची पेडण्यात आणि डिचोलीत फारशी दखल घेतली गेली नाही. गाणी इंग्रजी, गाणारा ख्रिश्चन. भाषेच्या वादाने तेव्हा गोवा तापत चाललेला, १९८७ साली राजभाषा कायदा झाला. अशा दिवसांत आम्ही फक्त इतकंच विचारायचो, हा कोणाच्या बाजूचा?

ती कासेट झाली कशी, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हा माणूस मुंबईला आर्किटेक्चर शिकलेला, तिथल्या बँडमध्ये वाजवलेला, युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकून आलेला. १९८४ साली घरीच, चार ट्रॅकच्या कासेट रेकॉर्डरवर त्याने सगळी गाणी ध्वनिमुद्रित केली. शब्द त्याचे, चाली त्याच्या, वाद्यं त्यानेच वाजवलेली, मुखपृष्ठसुद्धा त्याचंच. मग पिवळ्या स्कूटरवर कासेटी घालून दुकानोदुकानी स्वतःच विकत फिरला.

चार ट्रॅक म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. आधी गिटार वाजवायची, ती ऐकत दुसऱ्या पट्टीवर ठेका भरायचा, तिसरीवर बासरी. पाचवं काही हवं असेल तर या तिन्ही चौथ्या पट्टीवर एकत्र उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढचं भरायचं. पण एकदा एकत्र केलं की संपलं! गिटार जरा मोठी झाली असं नंतर वाटलं तरी ती कमी करता येत नाही, शिवाय दर वेळी आवाज थोडा मळतो. म्हणजे आपल्याला काय ऐकायचंय हे आधीच ठरवावं लागतं. दुसऱ्याचं गाणं गाताना हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. माझ्या मते रेमो वाढला तो इथे. पाठोपाठ १९८५ साली 'ओल्ड गोअन गोल्ड' मध्ये जुनी कोंकणी-पोर्तुगीज गाणी आली, १९८६ साली 'पॅक दॅट स्मॅक' मध्ये अमली पदार्थांचा विषय आला. पहिल्या कासेटीत स्वतःचा आवाज सापडला नसता तर जुन्या गाण्यांना हात लावून तो नुसता नकलाकार झाला असता. (२०२१ साली आत्मचरित्र आलं, त्याचंही नाव 'रेमो'च.)

आता आमच्याकडे बघा. पेडणे-डिचोलीत गळ्यांची वाण नाही. चवथीला घुमट-शामेळावर आरत्या म्हणणारी पोरं लयीला अशी पक्की की शहरातल्या तबलजीने कान धरावेत. मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजनी स्पर्धेसाठी गावोगावची पथकं तयारी करतात. अभंग तुकारामाचा किंवा नामदेवाचा, चाल अभिषेकीबुवांची नाहीतर भीमसेनजींची, हरकतीसुद्धा त्यांच्याच. याला साधना म्हणतात हे मला मान्य आहे. परंपरा घोटल्याशिवाय काही येत नाही हेही मान्य. पण घोटून झाल्यावर पुढे काय? चाळिशी आली तरी आमचा गायक 'हुबेहूब अमक्यासारखा गातो' यातच खूश. ही स्तुती नव्हे हो!

२०२४ च्या डिसेंबरात सनबर्न धारगळला भरला तेव्हा आपली संस्कृती बुडाली म्हणून केवढा आरडाओरडा झाला. विरोधाची कारणं खरी होती, मीही विरोधातच होतो. पण त्या आवाजासमोर ठेवायला पेडण्याचं आजचं मराठी गाणं कुठलं, असं कोणी विचारलं असतं तर आपण काय दाखवलं असतं? खाणींनी पोखरलेल्या डोंगरावर डिचोलीच्या एखाद्या पोराने रचलेलं, विमानतळात गेलेल्या मोपाच्या पठारावर कोणी बांधलेलं?

साधनांचं कारण आता चालणार नाही. रेमोच्या त्या यंत्रापेक्षा जास्त पट्ट्या आज खिशातल्या फोनमध्ये असतात. म्हणून माझी एक साधी सूचना. भजनी स्पर्धेत प्रत्येक पथकाला एक रचना स्वतःची, निदान चाल तरी स्वतःची, सक्तीची करावी. पहिली दोन-तीन वर्षं ऐकवणार नाही असं पुष्कळ निघेल. परीक्षक कोण, गुण कसे द्यायचे यावर भांडणंही होतील. होऊ देत.